शेडमध्ये पडून असलेल्या जुन्या फोर बाय फोरची किंमत कशी ठरवायची?

प्रश्न थोडक्यात असा: काकांच्या मागे राहिलेली एक जुनी फोर व्हील ड्राइव्ह गाडी कित्येक वर्षं शेडमध्ये उभी आहे. गॅरेजवाला म्हणतो, पूर्ण रिस्टोर करून घ्या, किंमत तिप्पट होईल. बघायला आलेलं गिऱ्हाईक म्हणतं, भंगाराच्या भावात देत असाल तर आजच उचलतो. यातली खरी किंमत कोणती?

दोघंही आपापल्या धंद्याच्या सोयीचं बोलताहेत, आणि यात त्यांचं काही चुकतंय असंही नाही. जुन्या फोर बाय फोर तपासून त्यांची किंमत सांगणं हे माझं कित्येक वर्षांचं काम आहे. माझा हिशोब एका गोष्टीवर चालतो: जे पैसे टाकून पुन्हा आणता येतं त्याला कमी मोल, जे कितीही पैसे टाकून आणता येत नाही त्याला जास्त. टायर, बॅटरी, सीटची कव्हरं, वायरिंग, अगदी बंद पडलेलं इंजिनसुद्धा पहिल्या गटात बसतं. चासी आणि तिच्यावरचा नंबर, कापाकापी न झालेला मूळ पत्रा, कागदपत्रं आणि कुठेतरी कोपऱ्यात पडलेले लहानसहान मूळ भाग दुसऱ्या गटात. बघायला येणारे बहुतेक लोक नेमकं उलट करतात. आधी 'चालू होते का?' विचारतात आणि चासीखाली वाकून बघतच नाहीत.

सुरुवात ओळखीपासून करा. गाडी नक्की कोणती, कोणत्या वर्षाची, आणि ती एकाच गाडीची बनलेली आहे का? उदाहरण म्हणून युद्धातली जीप घेऊ. 1941 ते 1945 या काळात विलिस या अमेरिकन कंपनीने एमबी आणि फोर्डने जीपीडब्ल्यू या नावाने एकाच आराखड्याच्या जीप बनवल्या, दोन्ही मिळून सहा लाखांहून जास्त. लांबून दोघी जुळ्या बहिणी. पण रेडिएटरच्या खालची चासीची पुढची आडवी दांडी बघा: विलिसची गोल नळी असते, फोर्डची उलट्या यू आकाराची पट्टी. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरही, एफ हे अक्षर उठवलेलं असे. विलिसचा नंबर चासीच्या आतल्या अंगाला रिवेट मारलेल्या पट्टीवर, तर फोर्डचा डाव्या चासी रेलवर थेट पंच केलेला. विलिसच्या सुरुवातीच्या, म्हणजे 1942 च्या पहिल्या काही महिन्यांपर्यंतच्या गाड्यांची पुढची जाळी लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली असे. पुढे फोर्डची दाबून काढलेली नऊ फटींची जाळी दोघांनीही वापरली. युद्धानंतर आलेल्या नागरी सीजे-2ए ला मात्र सात फटी, मोठे दिवे आणि मागे उघडणारं फाळकं. हिरवा रंग आणि बोनेटवर पांढरा तारा काढला की सीजे काही एमबी होत नाही, पण जाहिरातीत ती सर्रास होते.

लष्कराच्या डेपोंमध्येच या जीप उघडून पुन्हा जोडल्या जात. तेव्हा विलिसच्या चासीवर फोर्डचं इंजिन सापडलं तर लगेच तोंड फिरवायचं कारण नाही. किंमत मात्र त्या हिशोबाने धरायची. खरी गडबड असते नंबरात. नंबर पंच केलेल्या जागेच्या आजूबाजूला ग्राइंडरच्या रेघा, वेल्डिंगचा ओघळ, नवे रिवेट, किंवा कागदावरच्या नंबरात एखादा आकडा वेगळा दिसला तर पुढची तपासणी तिथेच थांबवा. हा प्रश्न पैशाचा राहत नाही, कायद्याचा होतो. लँड रोव्हरच्या सिरीज टू, टूए आणि थ्रीमध्ये आतल्या पाटीशिवाय चासीच्या पुढच्या उजव्या टोकावर, पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरपाशीही नंबर पंच केलेला असतो. तो गंजाखाली आणि रंगाखाली दडलेला असतो. रॉकेल आणि मऊ ब्रश घेऊन हळूहळू उघडा करा. तिथे ग्राइंडर लावायचा मोह आवरा.

आता चासी आणि पत्रा. माझा निम्म्याहून जास्त वेळ इथेच जातो.

लँड रोव्हरचा पत्रा ॲल्युमिनियमचा, म्हणून 'या गाडीला गंज नाही' असं अजूनही ऐकायला मिळतं. बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा खरा, पण चासी पोलादी पेटीसारखी, आतून पोकळ. पाणी आणि चिखल आत साठतो आणि ती आतून बाहेर सडते. वरून जाड काळं अंडरकोटिंग मारलेलं असेल तर माझा संशय वाढतो. छोटी हातोडी घ्या आणि पूर्ण चासीवर टकटक करत जा. घट्ट पोलाद खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द वाजतं. मागची आडवी बीम, बॉडी पेलणारे बाजूचे आउटरिगर आणि पाट्यांचे हँगर या जागा आधी. मग इंजिन आणि केबिनच्या मधली पोलादी भिंत, म्हणजे बल्कहेड: पाय ठेवायच्या जागा आणि दाराचे खांब. ॲल्युमिनियम जिथे पोलादाला टेकतं तिथे पांढरी भुकटी आणि फुगवटा दिसेल. दोन धातूंच्या संपर्कात ओल आली की ॲल्युमिनियम झिजतं.

टोयोटाच्या एफजे 40 ची गोष्ट उलटी. तिची चासी बऱ्यापैकी दणकट, पण पोलादी पत्रा मागच्या कोपऱ्यांत, चाकांच्या कमानींत आणि हार्डटॉपच्या पन्हळीत सडतो. युद्धकाळातल्या जीपच्या तळपत्र्याखाली टोपीच्या आकाराच्या आडव्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या आत लाकूड बसवलेलं असतं. ते लाकूड पाणी धरून ठेवतं आणि पट्टी आतून खाऊन टाकतं. वरचा तळपत्रा धडधाकट दिसला म्हणून खूश होऊ नका, खाली झोपून बघा. 1970 मध्ये आलेल्या दोन दारांच्या रेंज रोव्हरमध्येही बाहेरचं ॲल्युमिनियम फसवतं. आतला सांगाडा पोलादी आहे. मागची जमीन, बोनेटखालचे आतले पत्रे आणि दारांखालची पट्टी तपासल्याशिवाय आकडा बोलायचा नाही.

पोलादी पत्र्यावर चुंबक फिरवून लांबी (पुट्टी) कुठे भरली आहे ते कळतं. ॲल्युमिनियमवर चुंबकाचा उपयोग नाही. तिथे रंगाची जाडी मोजणारं यंत्र वापरा, नाहीतर उन्हात तिरप्या नजरेने बघून तळहात फिरवा.

सडलेल्या चासीमुळे किंमत किती खाली येते? सरसकट उत्तर नाही, आणि नवखे इथेच गडबडतात. साध्या सिरीज थ्रीला गॅल्व्हनाइज केलेली नवी चासी विकत मिळते, त्यामुळे नव्या चासीचा आणि मजुरीचा खर्च वजा केला की काम झालं. पण 30 एप्रिल 1948 ला ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर पहिल्यांदा लोकांसमोर आली. त्या सुरुवातीच्या काळातली 80 इंची व्हीलबेसची गाडी असेल, तर तिची मूळ चासी हीच तिची ओळख. तिथे मी सडलेली मूळ चासी जपून दुरुस्त करा असं सांगतो. नवी टाकली की गाडी मजबूत होते आणि किंमत घसरते. युद्धातल्या जीपची तर पूर्ण बॉडी नवी बनवून मिळते. त्यामुळे तिच्यावरचा चकचकीत, सरळ पत्रा बघून माझं मत जरासुद्धा वर जात नाही. चेपलेला, ठिगळं लावलेला पण मूळ पत्रा बघून जातं.

इंजिनाबद्दल फार बोलत नाही. उभ्या गाडीचं इंजिन जाम असणं ही सामान्य गोष्ट आहे. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या, मग पान्याने हाताने फिरवून बघा. डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसलं तर बहुधा हेड गॅस्केट गेलंय किंवा ब्लॉकला तडा आहे. थंड प्रदेशात उभ्या गाडीत पाणी गोठून ब्लॉक फुटलेले मी बरेच बघितलेत. गाडी कारखान्यातून ज्या इंजिनासह निघाली तेच अजून असेल आणि ब्लॉकला तडा असेल तर ती मोठी वजावट. साध्या गाडीत तडा असेल तर दुसरं इंजिन शोधायचं आणि पुढे जायचं.

फोर बाय फोरमध्ये ज्याकडे लोक बघत नाहीत ती बाजू म्हणजे पुढचा ॲक्सल आणि ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलना वाटणारी पेटी. वर्षानुवर्षं टू व्हीलमध्येच चालवलेल्या गाडीत पुढचं सगळं कोरडं पडलेलं असतं. सिरीज लँड रोव्हरमध्ये पिवळी मूठ दाबली की हाय रेंजमध्ये फोर व्हील लागतं, लाल लिव्हर लो रेंजचा, म्हणजे सावकाश पण जास्त ताकदीच्या गिअरांचा. दोन्ही हलतात का आणि हलल्यावर खरंच काही होतं का, हे वेगवेगळे प्रश्न. पुढच्या चाकांच्या आतल्या अंगाला क्रोम केलेले गोल गोळे असतात; त्यांवर गंजाचे खड्डे पडले असतील तर सील कितीही वेळा बदला, तेल गळणारच. एफजे 40 मध्ये चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस आणि तेलाचं पातळ कालवण ओघळलेलं दिसलं की ॲक्सलचं सील गेलंय असं समजा. काम कटकटीचं, पण महाग नाही.

याहून लपलेली भानगड डिफरन्शियलच्या रेशोची, म्हणजे ॲक्सलची दोन्ही चाकं एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलला फिरवणारा लांब दांडा) किती वेळा फिरतो त्याची. सिरीज लँड रोव्हरचा रेशो 4.7, रेंज रोव्हरचा 3.54. हायवेला वेग मिळावा म्हणून बरेच जण दुसरा डिफ बसवतात, आणि कधीकधी फक्त मागे बसवून पुढचा तसाच ठेवतात. अशी गाडी टू व्हीलमध्ये मजेत चालते. फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांशी भांडू लागतात आणि काहीतरी मोडतं. तपासायला सोपं आहे. बाकीच्या चाकांना अडण लावा, गिअर आणि ट्रान्सफर न्यूट्रलला, एक चाक जॅकवर उचला, त्याच ॲक्सलचं दुसरं जमिनीवर राहू द्या. उचललेलं चाक बरोबर दोनदा फिरवा (एकच चाक फिरतंय, म्हणून दोनदा) आणि प्रोपेलर शाफ्ट किती फिरला ते खडूची खूण करून मोजा. पावणेपाचच्या जरा कमी फिरला तर 4.7, साडेतीन फिरला तर 3.54. पुढच्या बाजूला फ्री-व्हील हब (चाक ॲक्सलपासून सुटं करणारे हब) असतील तर आधी लॉक करा. दोन्ही ॲक्सलचं उत्तर एकच यायला हवं.

आता मूळपणा. सध्या बाजारात रिस्टोर न केलेल्या गाड्यांना मान आहे, पण त्या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. पहिली, कारखान्याचा रंग, मूळ सीट, मूळ तारा असलेली, फक्त वापराने झिजलेली गाडी. ही खरी दुर्मीळ. दुसरी, शेतावर किंवा खाणीवर राबलेली, दोन-तीनदा ब्रशने रंगवलेली, पण पूर्ण असलेली. तिलाही चांगलं गिऱ्हाईक असतं. तिसरी, कोणीतरी उत्साहाने उघडलेली आणि अर्धी खोक्यांत भरून ठेवलेली. तिचा मालक 'अर्धं काम झालंय' म्हणून जास्त मागतो. मी तिला तिघींत सगळ्यात कमी देतो, कारण खोक्यांत काय नाही हे जोडायला बसल्याशिवाय कळत नाही. चौथीही आहे म्हणा: मुद्दाम गंज आणून, वर मॅट लॅकर मारून जुनी दाखवलेली. रंगाची खरी कहाणी सीटखाली, डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या बिजागरीत आणि रबराखाली सापडते. तिथे थर मोजा.

हौशी लोकांची एक ठाम समजूत असते की चकचकीत केली की भाव येतो. ॲमस्टरडॅमच्या त्या 1948 च्या प्रदर्शनातली एक लँड रोव्हर इंग्लंडमध्ये, कंपनीच्या सॉलिहल गावाजवळ एका बागेत वर्षानुवर्षं पडून असलेली सापडली. 2018 मध्ये खुद्द कंपनीच्या क्लासिक विभागाने तिचं काम जाहीर केलं, तेव्हा जुन्या पत्र्यावरच्या वयाच्या खुणा जपायचं ठरवून. जी कंपनी हवं तर प्रत्येक पत्रा नवा ठोकू शकते, तिने ठोकला नाही, यावरून वारा कुठे वाहतोय ते समजा.

बदलांचं माप माझं सोपं आहे: बोल्टने बसवलंय की कापून बसवलंय? वेगळी चाकं, जादा दिवे, दुसरा कार्बुरेटर हे सगळं काढता येतं. 1966 ते 1977 च्या फोर्ड ब्रॉन्कोचं उदाहरण घ्या. मोठे टायर बसावेत म्हणून त्या काळात मागच्या चाकांवरचा पत्रा लोकांनी सर्रास कापला. आज न कापलेली ब्रॉन्को वेगळ्या भावात जाते आणि जाहिरातीत तो शब्द सगळ्यात वर असतो. इंजिन बदललेलं असेल तर मूळ इंजिन कुठे आहे विचारा. शेडच्या मागे पडलेलं असेल तर ते गाडीबरोबरच द्या-घ्या.

दुर्मीळ म्हणजे महाग, हेही खरं नाही. ऑस्टिन जिप्सी ही 1958 ते 1968 मधली, लँड रोव्हरला टक्कर द्यायला काढलेली गाडी. पोलादी पत्र्यामुळे फारच थोड्या उरल्या. तरी त्याच वयाच्या लँड रोव्हरइतकं तिच्यामागे कोणी धावत नाही. गाडी हवी असणारी माणसं आणि मिळणारे सुटे भाग, दोन्ही लागतात.

आता आकडा. मी तीन आकडे काढतो. खालचा आकडा म्हणजे गाडी उघडून भाग विकले तर काय येईल: ॲक्सल, गिअरबॉक्स, हार्डटॉप, विंच, पीटीओ (इंजिनावर दुसरी यंत्रं चालवायचा जोड), फेअरी कंपनीचा ओव्हरड्राइव्ह (हायवेसाठीचा जादा गिअर) असलं काही. इथे भंगारवाल्याचा भाव संपतो, कारण वजनाने विकण्यापेक्षा भागांनी विकणं जवळपास नेहमीच जास्त देतं. दुसरा आकडा रिस्टोर करणाऱ्याचा: तशीच गाडी उत्तम रिस्टोर झालेली खरोखर कितीला विकली गेली, त्यातून कामाचा खर्च वजा, आणि न दिसलेल्या कामासाठी वर किमान एक चतुर्थांश आणखी वजा. समजा रिस्टोर झालेली गाडी 100 ला जाते आणि काम 90 चं आहे. वरची पंचविशी धरली की खर्चच 112 च्या वर गेला. उत्तर शून्याखाली. साध्या, भरपूर बनलेल्या मॉडेलांत असंच येतं, म्हणून गॅरेजवाल्याच्या 'तिप्पट' ला माझा आक्षेप: किंमत तिप्पट होईलही, पण वाढलेल्या पैशांपेक्षा जास्त पैसे आधी त्याच्याकडे गेलेले असतील. तिसरा आकडा जतन करणाऱ्याचा. त्याला गाडी आहे तशी हवी असते, फक्त ब्रेक, इंधनाची लाइन आणि टायर करून चालवायची असते. गाडी पूर्ण आणि मूळ असेल तर हा आकडा पहिल्या दोन्हींच्या वर जातो. पत्रा सडलेला आणि भाग गायब असतील तर हा माणूस येतच नाही, मग पहिल्या आकड्यावर या.

तुलना करताना मागितलेले भाव धरू नका. लोक काहीही मागतात, आणि महिनोन्‌महिने न गेलेली जाहिरात तो भाव चुकीचा असल्याचंच सांगते. लिलावात प्रत्यक्ष विकलेल्या गाड्या बघा, आणि छापलेल्या आकड्यात खरेदीदाराचं कमिशन धरलंय का तेही. रिस्टोर न केलेल्या गाडीची तुलना रिस्टोर न केलेल्याच गाडीशी. आयातीच्या नियमांनीही भाव हलतात: अमेरिकेत 25 वर्षांहून जुनी गाडी तिथल्या सुरक्षा मानकांतून सुटते, त्यामुळे एखादं मॉडेल त्या वयाला पोहोचलं की मागणी उचल खाते.

कागदांनी बराच फरक पडतो. लँड रोव्हरसाठी ब्रिटिश मोटर म्युझियमच्या संग्रहातून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. इंटरनॅशनल स्काउट या अमेरिकन फोर बाय फोरला कारखान्याचं 'लाइन सेटिंग तिकीट' असे, त्यात गाडी कोणत्या ॲक्सलने, कोणत्या रंगात निघाली ते असतं. असा कागद हाती असला की घासाघीस निम्म्याने कमी होते. काकांची जुनी बिलं, फोटो, सर्व्हिसची वही, सगळं एका फाइलमध्ये लावा.

तेव्हा तुम्ही काय करायचं? रिस्टोर करू नका. रंग तर अजिबात नको. प्रेशरचं पाणी मारू नका, जुना रंग आणि खालचे नंबर त्यानेच उडतात. ओल्या फडक्याने धूळ पुसा. शेड आवरताना गंजलेला जॅक, हँडल, टूलची पिशवी, फुटका दिवा, काहीही फेकू नका. मूळ जॅक आणि टूलकिट शोधत लोक वर्ष वर्ष फिरतात. गाडी उजेडात काढून खालून, आतून, नंबरांचे आणि गंजाचेसुद्धा स्वच्छ फोटो काढा. गंज लपवलेल्या जाहिरातीवर कोणी लांबून येत नाही.

बाहेर काढताना मात्र ट्रॅक्टर लावून ओढू नका. सिरीज लँड रोव्हर आणि युद्धातल्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. तो ओढून ठेवलेल्या स्थितीत गंजून चिकटला असेल, तर गिअर न्यूट्रलला असूनही मागची चाकं फिरणार नाहीत, आणि जोर लावला की हाफ शाफ्ट (ॲक्सलच्या आतला चाक फिरवणारा दांडा) तुटेल. आधी हँडब्रेकचा ॲडजस्टर ढिला करा, ड्रमवर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. मग चाकं एकेक करून जॅकवर फिरतात का बघा.